युरोव्हिजनच्या थाटात खान्देशी गीतस्पर्धा : प्रेमळ विनोदी कार्यक्रम कसा बसवावा?

बोरीकाठ

राम राम मंडळी. स्थानिक केबलसाठी ४५ मिनिटांचा विनोदी कार्यक्रम बसवायचा आहे. युरोपातली युरोव्हिजन गीतस्पर्धा १९५६ पासून चालत आली आहे. तिचा झगमगाट, वाऱ्यावर उडणारे केस, दोन-दोन भाषांतली मतमोजणी हे सगळं घ्यायचं आणि देशांच्या जागी आपले तालुके उभे करायचे. निवेदक जुन्या चित्रफिती काढून दाखवत आहेत असं रूप ठरवलंय, त्यामुळे प्रत्येक गाणं वेगळ्या काळातलं. तालुके सात : अमळनेर, रावेर, भुसावळ, जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा.

हाताशी आठ कलाकार, एक कीबोर्ड, तबला-ढोलकी, दोन मोबाइल आणि दोन दिवसांसाठी एक मंगल कार्यालय आहे. हा विनोद टिंगल न होता मायेचा कसा राहील? कोणत्या काळाची कोणती खूण पकडली म्हणजे मूळ स्पर्धा कधीच न पाहिलेल्या माणसालाही मजा येईल? पट्टी चढवणं, अंगावरचा पोशाख झटक्यात बदलणं, वारा, गुण ही कामं प्रत्यक्षात कशी करतात? जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

पडद्यामागे

आधी गायकांचं बोलू, कारण बहुतेक विडंबनं तिथेच फसतात. गायक मुद्दाम बेसूर गायला की खेळ संपला. बेसूर गाण्याला प्रेक्षक एकदा हसतो, दुसऱ्या कडव्याला कंटाळतो. हसू यायला हवं ते गाणाऱ्याच्या मनापासूनपणाचं. तीन मिनिटांत साऱ्या खंडाला जिंकायचंय असा भाव चेहऱ्यावर, आणि गाणं मात्र केळीच्या घडावर. दोन्ही पूर्ण खरं असलं की हसू आपोआप येतं. तेव्हा सूर, ताल, शब्दोच्चार याबाबतीत कसलीही सूट देऊ नका.

याची दोन उत्तम उदाहरणं आहेत. ‘फादर टेड’ या विनोदी मालिकेतला युरोव्हिजनवरचा भाग १९९६ चा. आयर्लंड १९९२, १९९३ आणि १९९४ अशी सलग तीन वर्षं जिंकलं होतं, आणि जिंकणाऱ्या देशाला पुढच्या वर्षी यजमानपद मिळतं. पुन्हा यजमान व्हायची वेळ नको म्हणून मुद्दाम वाईट गाणं पाठवायचं, एवढ्या एका गोष्टीवर तो भाग उभा आहे. त्यातलं ‘वाईट’ गाणं नील हॅननसारख्या कसलेल्या गीतकाराने बांधलं होतं, म्हणून ते आजही लक्षात राहतं. दुसरं उदाहरण २०१६ च्या स्टॉकहोममधलं. निवेदक पेट्रा मेडे आणि आदल्या वर्षीचा विजेता मोन्स सेल्मर्लोव यांनी ‘जिंकणारं गाणं कसं रचावं’ यावर स्पर्धेच्या मंचावरच एक गाणं सादर केलं. त्यात जुने विजेते स्वतःही आले. ज्यांची चेष्टा तेच मंचावर हजर असले की टिंगलीला जागाच राहत नाही. तुम्हालाही हे करता येईल : रावेरच्या गाण्यात केळी उत्पादक, भुसावळच्या गाण्यात निवृत्त रेल्वे कर्मचारी एखाद्या क्षणासाठी दिसू द्या.

आता नियम. विनोदाचा निम्मा कच्चा माल तिथेच आहे. गाणं तीन मिनिटांपेक्षा जास्त नको. मंचावर जास्तीत जास्त सहा माणसं. मुख्य गायन प्रत्यक्ष. जिवंत प्राणी नको. आठ जणांत सहा मंचावर गेले की वारा आणि ध्वनी सांभाळायला नेमके दोन उरतात, त्यामुळे हा नियम तुम्हाला अडचणीचा नाही, सोयीचाच आहे. प्राण्यांचा नियम शहाद्याच्या वाट्याला द्या. सारंगखेड्याचा घोडेबाजार त्याच तालुक्यात भरतो. घोडा आणायचाच हट्ट, नियमाने बंदी, शेवटी लाकडी घोडा. संहितेत तीन ओळी पुरेत.

काळ असे वाटा :

अमळनेर, १९५०-६० : कृष्णधवल. गायिका एका जागी, समोर उभा माइक, हात शरीरापासून वीतभरापेक्षा दूर जात नाहीत. १९५६ च्या लुगानोतल्या पहिल्या स्पर्धेत सातच देश होते आणि प्रत्येकाची दोन गाणी. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे, तेव्हा गाणं चिंतनाचं : ‘मी कोण?’ असा प्रश्न, आणि तीन मिनिटांत उत्तर मिळत नाही.

रावेर, १९६८ : रंगीत प्रक्षेपणाचं पहिलं वर्ष. ला-ला-ला प्रकारचं ध्रुवपद.

भुसावळ, १९७४ : इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्वीडनचा ॲबा हा गट जिंकला ते वर्ष. चंदेरी उंच बूट, चमकता साटीन. त्या रात्री स्वीडनचा वाद्यवृंद संचालक नेपोलियनच्या वेशात आला होता. १९९८ पर्यंत स्पर्धेत खरा वाद्यवृंद असायचा आणि संचालक गाण्याआधी वाकून नमस्कार करायचा. भुसावळचा संचालक गार्डच्या गणवेशात, हातात छडीऐवजी हिरवी आणि तांबडी झेंडी. हिरवी दाखवली की गाणं सुरू, तांबडीला वाद्यं गप्प. ही खूण शब्दाविना कळते.

जळगाव, १९८१ : डब्लिनमध्ये ब्रिटनच्या चमूने गाण्याच्या मध्यावर मुलींचे लांब झगे ओढून आतले आखूड दाखवले आणि जिंकले. जळगावचं सोनं आहेच. वरचा साधा पोशाख गळतो, आतून सगळं सोनेरी.

धुळे, नव्वदचं दशक : पांढरा पोशाख, एकटी गायिका, वारा, शेवटी पट्टी वर.

शिरपूर, २००० नंतर : ढोल, कातडी पट्टे, पाय आपटणं, रागीट नजर.

शहादा, २०१२ : त्या वर्षी बाकूत रशियाकडून उदमुर्त भागातल्या आज्या आल्या, मंचावर भट्टी ठेवली आणि दुसऱ्या क्रमांकावर आल्या. गावातलं चर्च पुन्हा बांधायला पैसे उभे करायचे, हा त्यांचा हेतू होता. तुमच्या आज्या खापरावर मांडे करतील. त्यांना म्हातारपणावरून एकही विनोद देऊ नका. त्यांना पूर्ण मान द्या, त्या बाकी सहांपेक्षा जास्त हसवतील.

एक आग्रह. शिरपूर-शहाद्याकडे पावरा किंवा भिल्लांचा पोशाख ‘रंगीत दिसतो’ म्हणून विनोदासाठी वापरू नका. थट्टा स्पर्धेच्या भपक्याची व्हावी, कोणाच्या अंगावरच्या कपड्याची नव्हे.

गाण्यांच्या मध्ये मूळ स्पर्धेत साधारण ४० सेकंदांची छोटी चित्रफीत असते. तेवढ्यात मंचावरचं सामान बदलतं. तुम्ही लळिंगचा किल्ला, पालचं जंगल, प्रकाशाचा तापीघाट असं चित्रित करून घ्या. गायकाने तिथे काहीतरी अगदी साधं काम अतिशय गंभीरपणे करावं : वेफर तळणं, वांगी भाजणं, तिकीट काढणं.

पांढरी_चार

संगीताचं मी लिहितो.

तीन मिनिटांचा आराखडा साधारण असा : ०:०० ते ०:१० सुरुवातीचे सूर, ०:४० पर्यंत पहिलं कडवं, १:०५ पर्यंत ध्रुवपद, १:३५ पर्यंत दुसरं कडवं, २:०० पर्यंत ध्रुवपद, २:१५ पर्यंत कुजबुजल्यासारखा संथ भाग, मग एक ठोका पूर्ण शांतता आणि चढलेल्या पट्टीत शेवटचं ध्रुवपद. शेवटचा सूर २:५५ ला धरायचा, ३:०० ला हात वर. ही शांतता विसरू नका. पट्टी बदलल्याचं सामान्य श्रोत्याला सुरापेक्षा त्या खंडामुळे जास्त जाणवतं.

चढ अर्ध्या किंवा एका पूर्ण स्वराचा. गायिकेची पट्टी पांढरी ४ असेल (म्हणजे तिचा सा कीबोर्डच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीवर) तर अर्धा स्वर म्हणजे काळी ३, पूर्ण स्वर म्हणजे पांढरी ५. विनोदासाठी पूर्ण स्वर घ्या, तो स्पष्ट ऐकू येतो. मात्र गायिकेचा वरचा सूर आधी तपासा. ध्रुवपदातला सर्वांत उंच सूर मूळ पट्टीतच ताणून लागत असेल तर गाणं दोन पट्ट्या खाली उतरवूनच सुरू करा. ऐन वेळी चिरकणारा आवाज मजेशीर वाटत नाही, प्रेक्षक अवघडतो.

खरी अडचण तबल्याची. तबला एका षड्जाला, म्हणजे एका सा ला, लावलेला असतो. पट्टी चढली की त्याची चाट बेसूर वाजते आणि कारण न कळता सगळं गाणं विस्कटल्यासारखं वाटतं. उपाय दोन. पांढरी ५ ला लावलेला दुसरा तबला बाजूला ठेवा आणि त्या शांततेत वादकाने सरकून बसावं. किंवा शेवटच्या ध्रुवपदाला तबला बंद करून डफ आणि झांज घ्या. मला दुसरा बरा वाटतो, डफाने जोरही येतो. कीबोर्डवर ‘ट्रान्सपोज’चं बटण आहे म्हणून गाणं चालू असताना ते दाबायचा मोह होतो. दाबलेले सूर अडकून राहू शकतात. त्यापेक्षा वादकाने दोन्ही पट्ट्यांत हात बसवावा.

निरर्थक शब्दांमागेही कारण आहे. १९६६ ते १९७२ आणि पुन्हा १९७७ ते १९९८ या काळात प्रत्येक देशाने आपल्याच भाषेत गायचं असा नियम होता. परक्या श्रोत्याच्या तोंडी बसावं म्हणून ला-ला, बूम-बूम असली ध्रुवपदं आली. १९६८ ला स्पेन अशाच ला-ला वर जिंकला. रावेरसाठी नमुना देतो, हवा तर घ्या :

ला ला ला, घड उतरला,
ला ला ला, ट्रक भरला,
ला ला लाला, फणी मोजा,
दिल्लीकडे निघाला राजा!

दुसऱ्या कडव्यात हाच राजा वाटेत पिकू लागतो. गायकाने डोळे मिटून, छातीवर हात ठेवून गायचं.

सुरुवातीच्या तुताऱ्या : युरोव्हिजनच्या प्रक्षेपणाआधी वाजते ती धून शार्पांत्ये या सतराव्या शतकातल्या फ्रेंच रचनाकाराच्या ‘ते देउम’ची. रचना केव्हाच सगळ्यांची झाली आहे, पण कोणी वाजवलेलं ध्वनिमुद्रण त्या वादकांचं आणि कंपनीचं असतं. इंटरनेटवरून उचलू नका. लग्नाच्या बॅण्डमधले दोन ट्रम्पेट आणि एक साइड ड्रम बसवा. मूळ धून पांढरी २ मध्ये आहे. बॅण्डचा ट्रम्पेट लिहिलेल्या सुरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, म्हणून वादकाला पांढरी ३ मधून लिहून द्या. ते अवघड वाटलं तर त्यांच्या सोयीच्या पट्टीत घ्या, फक्त कीबोर्ड त्याला जुळवा. लग्नाच्या बॅण्डने अगदी गंभीरपणे वाजवलेली ही धून म्हणजे कार्यक्रमाचा पहिला हशा, आणि तो फुकट मिळतोय.

स्पर्धेचं नाव आणि हृदयाचं चिन्ह मात्र वापरू नका, ते युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचं आहे. ‘तापीव्हिजन’सारखं काहीतरी आपलं ठेवा.

बोरीकाठ

खूप आभार. भुसावळचा झेंडीवाला संचालक लगेच उचलला. पोशाख आणि वारा यांवर कोणी लिहील का? आणि गुणांचं गणित सातच तालुक्यांत बसत नाहीये. तिकडे प्रत्येक देश आवडत्या दहा गाण्यांना १ ते ८, १० आणि १२ गुण देतो; तसे द्यायचे तर दहा गाणी लागतात.

शिवणटीप

जळगावच्या पोशाखाचं सांगते.

वरचा भाग म्हणजे कमरेला गुंडाळायचा घेरदार परकर, एका बाजूला पूर्ण उघडा. त्या उघड्या बाजूला दोन इंच कापड एकावर एक येऊ द्या. वेल्क्रोची सलग पट्टी लावू नका. एक इंच रुंद पट्टीचे दोन-दोन इंचांचे तुकडे, चार-चार इंचांवर. सलग पट्टी इतकी घट्ट धरते की ओढताना माणूसच ओढला जातो. कमरेवर सगळं वजन येतं, तिथे वेल्क्रोशिवाय एक मोठं टिचबटण द्या, नाहीतर नाचताना परकर आधीच सुटतो.

खरबरीत बाजू निघून जाणाऱ्या कापडाला, मऊ बाजू अंगावर राहणाऱ्या कापडाला. उलट केलंत तर खरबरीत पट्टी आतल्या जरीत, जाळीत अडकून धागे ओढते आणि झटका अर्ध्यावर थांबतो.

ओढायची दिशा शिकवा. वेल्क्रो सरळ खाली ताणला तर सुटत नाही, एका टोकाने सोलल्यासारखा बाहेर खेचला की लगेच सुटतो. म्हणून वरच्या टोकाला आतून चार इंचांचा नाडीचा फास शिवा, बोट त्यात घालून बाहेर आणि मग खाली. १९८१ ला मुलांनी मुलींचे झगे ओढले होते. इथे प्रत्येकाने स्वतःचा ओढावा, स्त्री असो की पुरुष. विनोद स्वच्छ राहतो आणि ठोकाही चुकत नाही.

सुटताना चर्र आवाज येतो, त्याच ठोक्याला झांज ठेवा. आतल्या सोनेरी साटीनला सुती अस्तर हवंच. आपल्याकडच्या उकाड्यात साटीन घामाने अंगाला चिकटतं आणि वरचा परकर त्यालाही सोबत ओढतो. तालमीत खरबरीत पट्टीत धागे-केस भरतात, जुन्या टूथब्रशने काढत जा. चित्रीकरणासाठी तुकडे नवे लावले तर उत्तम.

भुसावळच्या बुटांना थर्माकोलचे तळ लावू नका, पहिल्याच उडीला दबतात आणि पाय मुरगळतो. चांभाराकडून कडक रबरी शीटचे थर चिकटवून, वरून शिवून दोन इंच उंची घ्या. त्यापेक्षा उंच नको, कारण नाचणारे सवयीचे नाहीत. चंदेरी रंगाचा फवारा घडीवर तडकतो, चंदेरी रेक्झिन चढवा.

वाघूर

वाऱ्यासाठी आपल्याकडे घरोघरी यंत्र तयार आहे : लोखंडी कूलर. टाकीतलं पाणी पूर्ण काढा, पंपाची वायर सोडवा, तिन्ही बाजूंच्या गवताच्या ताट्या काढून ठेवा. ताट्या काढल्याने हवा मोकळी खेचली जाते आणि झोत बराच वाढतो. पुढची जाळी कोणत्याही परिस्थितीत काढायची नाही, ओढणी पंख्यात जायला क्षण पुरतो. कूलरच्या पत्र्याला शॉक बसणं नवीन नाही, म्हणून तीन पिनांचा प्लग आणि कार्यालयाचं अर्थिंग तपासून घ्या.

जागा : गायिकेपासून ८ ते १० फूट, समोरून पण ४५ अंश बाजूला, मंचापेक्षा खाली आणि तोंड थोडं वर. अगदी समोर ठेवला तर डोळ्यांत पाणी येतं आणि केस सरळ मागे चिकटतात. बाजूने खालून आला की केस उचलले जातात. केसांना त्या दिवशी तेल नको. ओढणी जॉर्जेट किंवा शिफॉनची अडीच मीटर. पैठणी, जाड रेशीम हलतही नाही.

पंखा पहिल्या सुरापासून लावू नका. पहिलं कडवं निवांत, ध्रुवपदाला मंद, पट्टी चढताना पूर्ण वेग. लोखंडी कूलरला वेग घ्यायला काही सेकंद लागतात, म्हणून २:१० लाच बटण. आणि एकदा तरी वारा चुकीच्या माणसावर जाऊ द्या : धुळ्याची गायिका स्तब्ध, मागचा ढोलकीवाला मात्र केस उडवत भावविभोर.

आवाजाचा प्रश्न मोठा आहे. कूलरची घरघर माइकमध्ये येणारच. नियम प्रत्यक्ष गायनाचा असला तरी तुमचा कार्यक्रम मुद्रित आहे. गाणी आधी शांत खोलीत, गाद्या-गोधड्या टांगून, एका दमात गाऊन मुद्रित करा. तुकडे जोडू नका, म्हणजे श्वास खरा राहतो. मंचावर तेच लावून ओठ जुळवा. फक्त गायकाने मंचावरही मोठ्याने गायलंच पाहिजे. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा ताणल्या जात नाहीत आणि खोटेपणा लगेच दिसतो.

गुणफलक

गणित मांडून देतो. १ ते ८, १०, १२ ही पद्धत १९७५ पासूनची. सात तालुक्यांत प्रत्येकाने इतर सहांना गुण दिले तर कोणालाच शून्य मिळत नाही, आणि शून्य तर हवंच. १९७८ ला नॉर्वेचा यान टायगेन शून्यावर राहिला आणि त्याच्या देशात आणखी लाडका झाला. २०१५ ला व्हिएन्नात खुद्द यजमान ऑस्ट्रियाला शून्य मिळालं. म्हणून प्रत्येक तालुक्याने फक्त तीनच आकडे द्यावे : ८, १०, १२. एकूण गुण ३० × ७ = २१०.

शून्य जळगावला, कारण सगळ्यांत मोठं शहर आणि सगळ्यांत महागडा पोशाख. घोषणेचा क्रम हाच ठेवा :

अमळनेर : ८ रावेर, १० भुसावळ, १२ धुळे
रावेर : ८ शिरपूर, १० भुसावळ, १२ अमळनेर
जळगाव : ८ शिरपूर, १० शहादा, १२ भुसावळ
भुसावळ : ८ धुळे, १० शहादा, १२ रावेर
धुळे : ८ अमळनेर, १० शिरपूर, १२ शहादा
शिरपूर : ८ रावेर, १० धुळे, १२ शहादा
शहादा : ८ धुळे, १० शिरपूर, १२ भुसावळ

तिसऱ्या घोषणेअखेर भुसावळ ३२ वर पुढे आणि शहादा १० वर. धुळ्याच्या १२ ने दोघे ३२ वर, शिरपूरच्या १२ ने शहादा ४४. आता मत उरलं फक्त शहाद्याचं, आणि स्वतःला गुण देता येत नाहीत. शहाद्याचे गुण जाहीर करणाऱ्या प्रतिनिधीला स्वतःच्या तोंडाने भुसावळला १२ द्यावे लागतात. दोघे ४४. दोघांकडे दोन-दोन १२, दोन-दोन १०, आठ एकाकडेही नाहीत, म्हणजे कोणत्याही मोजणीने बरोबरी सुटत नाही. १९६९ ला माद्रिदमध्ये स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स असे चार देश खरोखर एकत्र जिंकले होते, कारण बरोबरी सोडवायचा नियमच नव्हता. पुढे नियम आले. १९९१ ला रोममध्ये स्वीडन आणि फ्रान्स १४६ वर अडकले, १२ ही सारखेच, शेवटी जास्त १० म्हणून स्वीडन जिंकलं. निवेदिकेने हा सगळा इतिहास घाईघाईने पानं उलटत सांगावा.

बाकीचे अंतिम आकडे : धुळे ३८, शिरपूर ३६, रावेर २८, अमळनेर २०, जळगाव ०. बेरीज २१० येते, ताडून पाहा. फलकावर प्रत्येक तालुक्यासमोर खिळ्याला टांगलेल्या पत्र्याच्या पाट्या लावा, जत्रेत आकड्यांच्या असतात तशा. एक पाटी उलटी टांगलेली राहू द्या आणि शेवटपर्यंत कोणी ती सरळ करू नये.

शेजाऱ्याला गुण देण्याची खोड तिथेही आहे, ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना १२ देतात म्हणून प्रसिद्ध आहेत. धुळ्याने शहाद्याला १२ देताना कारण सांगावं : ‘१९९८ पर्यंत एकाच जिल्ह्यात होतो, आता वेगळी चूल असली तरी.’

प्रतिनिधी पडद्यावर दिसायला १९९४ पासून लागले, त्याआधी फोनवर नुसता आवाज. पहिले तीन तालुके फोनवर ठेवा, पुढचे चार चित्रासह. चित्रासह असताना प्रश्न आणि उत्तर यांत दोन सेकंदांचा खंड. त्या दोन सेकंदांत दोघांनी हसऱ्या चेहऱ्याने एकमेकांकडे पाहत राहायचं. तीन सेकंद झाले तर प्रेक्षकाला ती संकलनातली चूक वाटते, एक असेल तर कळतच नाही.

गिरणाकाठ

भाषेबद्दल. तिकडे निकाल इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये सांगतात, इथे प्रमाण मराठी आणि बोली अशी जोडी सुंदर बसेल. पण सातही प्रतिनिधींच्या तोंडी एकच अहिराणी घालू नका. धुळे, शिरपूर, अमळनेरकडे अहिराणी चालेल. रावेर-भुसावळचा माणूस लेवा गणबोली किंवा तावडी बोलेल, बहिणाबाईंच्या ओव्यांतून ओळखीची झालेली. शहाद्याकडे गुजरीही कानावर येते. प्रत्येकाची ओळ त्या-त्या भागातल्या माणसाकडून म्हणवून घ्या आणि ती जशीच्या तशी ठेवा. धुळ्याच्या ओळीचा नमुना : ‘आमना बारा गुण शहादाले!’ निवेदिकेने लगेच तेच मराठीत, तितक्याच थाटात.

‘गुणफलक’ यांच्याशी एका बाबतीत असहमत. जळगावला शून्य द्या, पण गाणं सातांमध्ये सर्वांत चांगलं असायला हवं. चांगल्या गाण्याला शून्य मिळालं की प्रेक्षक त्या बाजूने उभा राहतो. वाईट गाण्याला शून्य मिळालं तर फक्त हिशेब झाला.

आणि मतमोजणीआधी सातेक मिनिटं विनोद पूर्ण थांबवा. १९९४ ला डब्लिनमध्ये अशाच मधल्या वेळेत आयरिश नाचाचा सात मिनिटांचा तुकडा झाला, बिल व्हेलनचं संगीत होतं, आणि पुढे त्याचा जगभर फिरणारा पूर्ण प्रयोग उभा राहिला. तुमच्याकडे कानबाई देवीची गाणी आहेत, वहीगायन हा लोकगायनाचा प्रकार आहे, सातपुड्यातले पावरी हे फुंकवाद्य वाजवणारे आहेत. यांतलं एक निवडा, खऱ्या कलाकारांना मानधन देऊन बोलवा आणि त्यांच्या आगेमागे एकही कोटी करू नका. विनोदी कार्यक्रमात मध्येच अस्सल काही आलं की प्रेक्षक सावरून बसतो, आणि नंतरचा हशा मोठा येतो.

पडद्यामागे

गिरणाकाठ यांचं शून्याबद्दलचं म्हणणं पटलं. वेळेचा हिशेब जोडतो : सात गाणी २१ मिनिटं, सात चित्रफिती पावणेपाच, मधला तुकडा ७, मतमोजणी ८. झाले जवळपास ४१. निवेदनाला चारच मिनिटं उरतात, म्हणून निवेदकांच्या ओळी आत्ताच निर्दयपणे कापा.

मोबाइलवर चित्रीकरण करताना सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइल आपोआप ३० वर जातो आणि ट्यूबलाइट, स्वस्त एलईडी यांच्या उजेडात पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. उजेड जास्त झाला तर शटर १/१०० करा, मधलं काही नको. एक्स्पोजर आणि रंग दोन्ही कुलूपबंद करा, नाहीतर सोनेरी पोशाख आला की सगळं चित्र काळवंडतं.

जुन्या काळाची चौकट ४:३ ची. चित्रीकरण रुंदच होईल, पण मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना कागदी पट्टी चिकटवा आणि माणसं मधल्या भागातच ठेवा. संकलनात १४४० × १०८० ला कापा. अमळनेर ते धुळे ४:३, शिरपूर-शहादा रुंद. प्रेक्षकाला न सांगता काळ बदलल्याचं कळतं. अमळनेरसाठी रंग काढून टाकणं पुरेसं नाही. पोशाख आणि पडदा यांच्या छटा वेगळ्या हव्यात. लाल साडी आणि हिरवा पडदा कृष्णधवलमध्ये एकच करडा होतो. फिकट साडी, गडद पडदा घ्या.

खापराची जागा. कार्यालयात चूल पेटवू नका. रिकाम्या चुलीत नारिंगी बल्ब, वर पालथं खापर, बाजूला सुपात आधी भाजलेले मांडे. पण हातावर मांडा वाढवणं खरं हवं. त्यासाठी जिला ते येतं तीच आजी घ्या. मळलेली कणीक दिव्यांच्या उष्णतेत लवकर सुकते आणि वाढवताना फाटते, म्हणून गोळे ओल्या फडक्याखाली ठेवा आणि एका वेळी एकच काढा. पाच-सहा गोळे जास्तीचे करा. हातावर मांडा मोठा होत जातो तसं ध्रुवपद चढत जावं, आणि शेवटच्या सुराला तो खापरावर पडावा. हे जुळायला तालीम लागेल.

पहिल्या दिवशी सगळ्यांत अवघड तीन उरका : जळगाव, धुळे, शहादा. मतमोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे ताजे असताना. भुसावळचे उंच बूट सगळ्यांत शेवटी.